ऊसतोडीला आलेल्या बाईचं नाव कुठल्या वहीत?

सोमेश्वरनगरच्या आसपासच्या गावांत बचत गटांचं काम बघणाऱ्या आम्ही सहयोगिनी आज तुमच्याशी बोलायला बसलोय. दसरा झाला की आपल्याकडच्या रस्त्यांचं रूप बदलतं. बैलांच्या टायरगाड्या येतात, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, पत्र्याच्या पेट्या, कोंबड्या आणि त्या सगळ्याच्या वर बसलेली पोरं येतात. चार-आठ दिवसांत माळावर कोप्या उभ्या राहतात, गव्हाणीत मोळी पडते आणि हंगाम सुरू होतो. मग आपल्यालाही एक काम लागतं, वाढे आणायचं.

दारात दोन म्हशी असलेल्या बाईला हे सांगायला नको. संध्याकाळी फडावरून परतणाऱ्या बायकांच्या डोक्यावर वाढ्यांच्या पेंढ्या असतात. आपण त्यांना रस्त्यात अडवतो, भाव करतो, पाच-दहा रुपयांवरून घासाघीस करतो आणि पेंढ्या घेऊन घरी येतो. चार महिने आपल्या गोठ्यातलं दूध बरंचसं त्या वाढ्यांवर चालतं. मागच्या हंगामात एका गटाच्या बैठकीत आम्ही सहज विचारलं, "तुम्ही जिच्याकडून वाढे घेता तिचं नाव काय?" बैठकीला बारा जणी होत्या. बाराही जणी एकाच तळावरून वाढे घेणाऱ्या. एकीलाही नाव सांगता आलं नाही. कुणी म्हणालं बीडवाली, कुणी कोपीवाली, कुणी म्हणालं ती लहान पोर कडेवर असलेली. खरं सांगायचं तर आम्हालाही सांगता आलं नसतं. आजचं बोलणं त्या बैठकीतून निघालंय.

या बाया येतात कुठून? बीड जिल्ह्यातून सगळ्यात जास्त. पाटोदा, आष्टी, शिरूर कासार, धारूर, वडवणी ही नावं आपण गाड्यांवर वाचतो. अहिल्यानगरच्या पाथर्डीकडून येतात, जालना-परभणीकडून येतात, जळगाव-नाशिककडच्याही टोळ्या असतात. डोंगराळ, हलक्या जमिनीचा आणि बेभरवशाच्या पावसाचा हा मुलूख. खरिपाची बाजरी-कापूस हाताला लागला की पुढं गावात काम नसतं. आपल्याकडं नीरा डावा कालवा इंग्रजांच्या काळापासून वाहतोय, म्हणून आपल्याकडं ऊस आहे आणि ऊस आहे म्हणून सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर असे एकमेकांना लागून कारखाने आहेत. पण आपल्याच बारामती तालुक्यात सुपं-मोरगावच्या जिरायत पट्ट्यात माहेर असलेल्या बायांना विचारा. बहात्तरच्या दुष्काळात त्यांच्या आया-सासवा खडी फोडायला कुठं कुठं गेल्या होत्या, ते अजून घराघरात सांगितलं जातं. कालवा ज्या अंगाला वळला त्या अंगाला आपण राहिलो, एवढाच फरक.

आता कोयता म्हणजे काय ते समजून घेऊ, कारण सगळी गोम तिथं आहे. आपल्याला कोयता म्हणजे लोखंडाचा. तोडणीच्या धंद्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. "टोळीत दहा कोयते आहेत" म्हणजे वीस माणसं. एकटा माणूस अर्धा कोयता. मुकादम उन्हाळ्यात-पावसाळ्यात गावात फिरून कोयते ठरवतो आणि उचल देतो. उचल म्हणजे आगाऊ रक्कम. ती जोडीला मिळून दिली जाते, आजकाल पन्नास हजारांपासून लाखापर्यंत आणि त्याच्याही वर. मुकादमाला ती वाहतूकदाराकडून किंवा कारखान्याकडून मिळालेली असते. पैसे मोजून घेतो नवरा, सही किंवा अंगठा नवऱ्याचा. जोडीतली दुसरी व्यक्ती कागदावर कुठंही नसते, पण तिच्याशिवाय कोयता पुरा होत नाही, आणि ती आली नाही तर उचल परत मागतात.

यातून काय काय होतं ते ऐका. विधवा बाईला, नवऱ्यानं टाकलेल्या बाईला कोयता मिळणं अवघड. ती अर्धी. मग ती भावाबरोबर, दिराबरोबर, नाहीतर पोराबरोबर जोडी लावते आणि पैसे त्याच्या हातात जातात. पोराचं लग्न लवकर लावायची घाईही इथूनच येते, कारण लग्न झालं की अर्ध्याचा पुरा कोयता होतो आणि उचल दुप्पट होते. पोरीच्या बापालाही वयात आलेली पोर गावाकडं मागं ठेवायची भीती वाटते आणि फडावर बरोबर न्यायचीही भीती वाटते. म्हणून दिवाळीच्या आधी तिचं उरकून टाकतात. अठराच्या आत लग्न लावणं गुन्हा आहे आणि गावात ग्रामसेवकच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो, हे आपल्याला बैठकांतून पाठ झालंय. पण ज्या घराचा वर्षाचा खर्च जोडीवर अवलंबून आहे, त्या घरात हा कायदा पोचायला उशीर होतो.

दिवस तिचा कसा जातो? पहाटे तीन-चारला उठायचं. चुलीवर भाकरी थापायच्या, दोन वेळच्या. पाणी भरायचं, ते टँकरचं असो की विहिरीवरचं, पण लांबचंच. उजाडायच्या आत फडात. नवरा बुडख्यातून ऊस तोडतो, ती साळते, पाचट बाजूला करते, वाढं छाटते, मोळी बांधते. काही जागी दोघंही तोडतात. टोळी डोकी सेंटरची असेल तर मोळी डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत जायचं आणि फळीवरून चढून वर टाकायची. ओल्या उसाची मोळी तीस-चाळीस किलोची असते, हे ज्यांनी उचलून बघितलंय त्यांनाच कळेल. आम्ही एकदा उचलून बघितली. फळी चढायचं धाडस झालं नाही. रात्री-अपरात्री गाडी आली तर उठून भरायला जायचं. भरणीचे वेगळे पैसे नाहीत, ते टनाच्या दरातच. बैलगाडीवाल्या टोळीची गोष्ट थोडी निराळी, तिथं वाहतुकीचा दर वेगळा असतो, पण बैलांचं वैरण-पाणी बाईच्याच वाट्याला येतं. अंधार पडल्यावर कोपीवर यायचं, वाढे विकायचे आणि परत चूल. वाढ्याचे ते पैसे बहुतेक जागी बाईच्या हातात राहतात, मीठ-मिरचीला. म्हणजे आपण ज्या पाच रुपयांसाठी हुज्जत घालतो, तेवढीच तिच्या हातातली रोकड असते. हे कळल्यापासून आमच्यातल्या काही जणींनी घासाघीस सोडली. सगळ्यांनी सोडलेली नाही.

आता हिशेब. गटात आपण व्याजाचा हिशेब बोटांवर करतो, तसाच हाही करू. २०२४ च्या जानेवारीत साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटनांमध्ये करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. मुकादमाचं कमिशन २० टक्के झालं, म्हणजे टनामागं साधारण ७३ रुपये त्याचे वेगळे. आता समजा एका जोडीनं लाखाची उचल घेतली. ३६६ रुपये दरानं एक लाख फिटायला २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडी दिवसाला दोन टनांच्या आसपास तोडते असं धरलं तर १३७ दिवस झाले. साडेचार महिने, एकही दिवस न चुकता. पाऊस आला, कारखान्याचं यंत्र बंद पडलं, गाडी आली नाही, पोर आजारी पडलं, बाई बाळंत झाली, असा कुठलाही दिवस यात धरलेला नाही. त्यातच आठवड्याला बाजारासाठी खर्ची घ्यावी लागते, ती उचलीत मिळवतात. आणि खाडा झाला तर नुसती मजुरी बुडत नाही, कित्येक टोळ्यांत वर दंड लागतो. हंगाम कधी साडेतीन महिन्यांत आटोपतो. मग पट्टा पडताना जोडीच्या नावावर बाकी राहते, ती पुढच्या वर्षाच्या उचलीत जाते आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडं यावं लागतं. आपल्या गटात कर्ज थकलं तर आपण त्या बाईच्या घरी जाऊन बसतो, हप्ता बांधून देतो. तिथं बाकी फिटेपर्यंत जोडीला सोडत नाहीत, कधी पोराला नाहीतर भावाला ठेवून घेतात, असे प्रकार घडलेले आहेत. कर्जापायी माणूस अडकवून ठेवायला १९७६ पासून कायद्यानं बंदी आहे.

या सगळ्या हिशेबात दोन टनांतला एक टन तिचा आहे. पण वहीत दोन्ही टन त्याच्या नावावर. बीडमध्ये काम करणाऱ्या बायकांच्या संघटना आणि महिला किसान अधिकार मंच कित्येक वर्षं हेच सांगतायत की बाईची कामगार म्हणून वेगळी नोंद करा. आपल्याला हे लवकर समजायला हवं. गट सुरू झाले तेव्हा आपल्यातल्या कितीजणींचं नाव पहिल्यांदा बँकेच्या पासबुकावर आलं, आठवतंय ना?

आता जे बोलणार आहोत ते घरात पोरंबाळं ऐकत असली तरी ऐकू द्या. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या आणि विधान परिषदेत प्रश्न निघाला. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहा बायकांमागं एकीची. त्यातल्या पुष्कळशा चाळिशीच्या आतल्या.

का काढतात? "पाळीचा खाडा नको म्हणून" एवढंच उत्तर देऊन लोक मोकळे होतात. ते अर्धंच उत्तर आहे. फडात आडोसा नाही, पाणी नाही, कापड बदलायला जागा नाही. दिवसभर लघवी धरून ठेवायची, पाणी कमी प्यायचं. त्यातून अंगावरून जातं, ओटीपोटात दुखतं, लघवीला जळजळ होते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं आणि आठ दिवसांत पुन्हा मोळी. मग दवाखान्यात गेल्यावर कुणीतरी म्हणतं, पिशवी खराब आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. ती घाबरते. पुढच्या हंगामात आडवं पडणं परवडणारं नसतं, म्हणून उन्हाळ्यात उसने पैसे काढून ऑपरेशन करते. त्या उसन्यासाठी परत उचल.

इथं प्रत्येकीनं एक गोष्ट लक्षात ठेवा, स्वतःसाठीसुद्धा. अंगावरून पांढरं जाणं हा बहुतेक वेळा जंतुसंसर्ग असतो आणि तो औषधानं बरा होतो. त्याच्यावर पिशवी काढणं हा पहिला उपाय नाही. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करतात, ती सरकारी दवाखान्यात होते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जायच्या वयाआधीच अंगातून वाफा येणं, हाडं ठिसूळ होणं, सांधे धरणं सुरू होतं, आणि तशा अंगानं पुन्हा तोच कोयता. बीडमध्ये खासगी दवाखान्यांना अशा ऑपरेशनआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यायला लावली. कोपीवरची बाई तुमच्याजवळ असं काही बोलली तर तिला घेऊन आशाताईकडं जा. तिला गावातला रस्ता माहीत नसतो आणि तिकडं एकटीनं जायची सोय नसते.

पोरांचं थोडक्यात सांगतो, कारण त्याच्यावर वेगळं बोलणं व्हायला हवं. एकेकाळी साखरशाळा होत्या. पुढं शिक्षणहक्क कायदा आला आणि पोरांना जवळच्या शाळेत घालायचं ठरलं. गावाकडच्या शाळेनं शिक्षण हमी पत्रक द्यायचं आणि इकडच्या शाळेनं ते बघून पोराला त्याच वर्गात बसवायचं, असा नियम आहे. बीडकडं हंगामी वसतिगृहं आहेत, म्हणजे आई-बाप इकडं आले तरी पोरं तिकडंच राहून शिकतात. आपल्या भागानं कोप्यांवर भरणारे वर्गही पाहिलेत. तरी थोरली पोर धाकट्याला सांभाळायला कोपीवर राहतेच. दहा वर्षांची पोर तीन वर्षांच्या भावाला कडेवर घेऊन आपल्या दारात ताक मागायला येते, ती शाळेत का नाही हे आपण विचारत नाही.

आम्ही काय केलं तेही सांगायला पाहिजे, आधी चुकलेलं. तीन वर्षांपूर्वी दोन ऊसतोड बाया आमच्या एका गटाच्या बैठकीला येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. त्यांना पाच हजार रुपये हवे होते, एकीच्या पोराला दवाखान्यात ठेवलं होतं. गटाच्या नियमात बाहेरच्याला कर्ज देता येत नाही. आम्ही नियम सांगितला आणि त्या गेल्या. नियम बरोबरच होता. पण त्यांना सरकारी दवाखान्याची वाट दाखवायला, १०८ ला फोन लावून द्यायला, निदान आत या, बसा म्हणायला कुठला नियम आडवा येत होता? पैसे त्यांनी मुकादमाकडून घेतले असणार. बाकीत तेवढी भर.

मागच्या हंगामात आम्ही साधी दोनशे पानी वही घेतली. आपल्या पंचसूत्रीत शेवटचं सूत्र नोंदींचं आहे, ते आपल्याला चांगलं जमतं. दोन गावांतल्या गटांच्या बाया वाढे घ्यायला जाताना वही घेऊन गेल्या. सुरुवातीला त्या बाया बिचकल्या. कारखान्याची माणसं आली, नाहीतर पोलिसाची, असं वाटलं त्यांना. एकीला नाव विचारलं तर म्हणाली, "माझं का मालकाचं?" तिचंच म्हटल्यावर जरा थांबली आणि माहेरच्या आडनावासकट सांगितलं. मुकादमही बघायला आला, काय लिहिताय म्हणून. आम्ही त्याला वही दाखवली. लपवण्यासारखं काही नव्हतंच. गर्भार बाया किती, अंगावर पाजणाऱ्या किती, सहा वर्षांच्या आतली पोरं किती, एवढंच तर होतं.

या वहीचा उपयोग काय झाला? अंगणवाडीताईला यादी मिळाली. स्थलांतरित कुटुंबातल्या पोराला आणि गर्भार बाईला ज्या गावात ती आहे तिथल्या अंगणवाडीतून आहार मिळतो, पण ताईला ती आहे हे कळायला तर पाहिजे. आशाताईनं तळावर जाऊन लसी राहिलेली पोरं शोधली. रेशनचं बऱ्याच जणींना माहीत नव्हतं. आता कार्ड गावाकडचं असलं तरी अंगठा लावून इथल्या दुकानातून धान्य उचलता येतं. एका दुकानदारानं आधी नाही म्हणून सांगितलं. गटाच्या पाच जणी बरोबर गेल्यावर त्याचं यंत्र चालू झालं. आणि ई-श्रम कार्ड. सोळा ते एकोणसाठ वयाच्या असंघटित कामगाराला ते निघतं आणि प्रत्येकाचं वेगळं निघतं, जोडीचं नाही. आधार आणि त्याला जोडलेला मोबाईल लागतो. मोबाईल नवऱ्याचा असतो, त्यामुळं तिथं बरंच अडलं.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याणकारी महामंडळ आहे, पुण्यात त्याचं कार्यालय आहे. कारखान्यानं गाळपाच्या टनामागं १० रुपये द्यायचे आणि सरकारनं तेवढेच घालायचे, असं ठरलंय. दहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे म्हणजे एक कोटी झाले. पोरांसाठी संत भगवानबाबा यांच्या नावानं वसतिगृहं त्यातूनच निघाली. कामगाराचं ओळखपत्र तिच्या गावचा ग्रामसेवक देतो. ते गावाकडं असतानाच काढायला हवं, इथं आल्यावर हातात काही राहत नाही. म्हणून पट्टा पडायच्या आधी आम्ही तळावर जाऊन हे सांगून आलो आणि ओळखपत्र बाईच्या नावानंही मागा असं बजावून आलो. किती जणींनी काढलं ते यंदा त्या आल्या की विचारायचंय.

बैठकीत एका ताईनं आम्हाला टोकलं, तेही सांगतो. ती म्हणाली, "आमच्या उसाला तोड लवकर येत नाही. आली की टोळीवाले एकराला पैसे मागतात, ड्रायव्हरला वेगळे, वर जेवण. आणि तुम्ही त्यांचीच कड घेता." तिचं खोटं नाही. ऊस वाळतोय आणि तोड येत नाही तेव्हा शेतकऱ्याच्या बाईचा जीव कसा होतो ते आम्ही घरात बघतो. आम्ही तळावर विचारलं. खुशालीचे पैसे मुकादम आणि ड्रायव्हर घेतात, कधी टोळीत वाटतात, ते पुरुषांत. बायांपैकी दोघी म्हणाल्या, एकदा त्यातून मटण झालं होतं. म्हणजे त्या ताईच्या घरातून गेलेला पैसा या बाईच्या हातात आलेला नाही. दोघींची गाठ घालून द्यावी असं आमच्या मनात होतं, ते अजून जमलेलं नाही.

पाण्याचं आणि आडोशाचंही जमलेलं नाही. तळावर फिरतं शौचालय हवं म्हणून ग्रामसभेत विषय मांडला, तो चर्चेला आला आणि पुढच्या सभेवर गेला. न्हाणीसाठी चार बांबू आणि जुनी ताडपत्री आमच्या एका गटानं दिली, ती मात्र शेवटपर्यंत टिकली.

यंदा वही पाच गावांत न्यायची आहे. रकाने असे आखा: बाईचं पूर्ण नाव, तिचं गाव-तालुका, वय, आधार आहे का, ई-श्रम आहे का, रेशनकार्ड आहे का, गर्भार किंवा पाजती आहे का, पोरं किती आणि कुठल्या इयत्तेत. उचल किती घेतली ते लिहू नका. ते विचारलं की मुकादमाच्या मनात भरतं आणि त्रास तिला होतो. तिनं आपणहून सांगितलं तर ऐकून घ्या. मारहाण, छेडछाड असं काही कानावर आलं तर वहीत लिहीत बसू नका, १८१ नाहीतर ११२ ला फोन लावा, पोरांचं असेल तर १०९८. पहिली यादी कोप्या पडल्यापासून आठ दिवसांत अंगणवाडीत द्यायची आहे, आणि लिहून झाल्यावर तिच्यापुढं ती मोठ्यानं वाचून दाखवायची आहे. मागच्या वर्षी आम्ही वाचून दाखवलं तेव्हा तीन नावं चुकलेली निघाली.